कोचापासून केसपेपरपर्यंत

१९५२ साली हान्स आयझेंक या लंडनच्या मानसशास्त्रज्ञानं एक छोटासा निबंध छापला आणि मानसोपचाराच्या अख्ख्या व्यवसायाला घाम फोडला. आयझेंक जन्मानं जर्मन, हिटलरच्या राज्यातून निघून इंग्लंडात स्थिरावलेला, मॉडस्ली हॉस्पिटलात काम करणारा आणि वाद अंगावर घ्यायची मनापासून हौस असलेला माणूस. त्यानं सात हजारांहून जास्त रुग्णांचे छापील आकडे एकत्र केले आणि सांगितलं, की मनाच्या तक्रारी असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश लोक दोनेक वर्षांत सुधारतात, उपचार करा अगर करू नका. मनोविश्लेषण घेतलेल्यांचा हिशोब तर त्याहून खालीच भरत होता.

आकडे कच्चे होते. ‘उपचार न घेतलेले’ म्हणून त्यानं जे लोक धरले, त्यांत सरकारी मनोरुग्णालयांतून घरी गेलेले रुग्ण होते आणि विमा कंपनीकडे अपंगत्वाचा दावा लावलेले लोक होते. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, असं काही नव्हतं. टीकाकारांनी आयझेंकची सालटी काढली. पण सालटी काढून झाल्यावरही प्रश्न जागच्या जागीच होता. डॉक्टरांसमोर बसून बोलल्यानं माणूस बरा होतो, याला पुरावा काय?

पन्नास वर्षं हे फारसं कोणी विचारलं नव्हतं. फ्रॉइडच्या शिष्यांच्या दृष्टीनं एकेका रुग्णाची कहाणी हाच पुरावा होता. रुग्ण बरा झाला तर सिद्धान्त खरा. नाही झाला तर त्याच्या मनानं विरोध केला, म्हणजे पुन्हा सिद्धान्त खरा. अशा दुकानात तोटा कधी होतच नाही. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत बोलण्याचा उपचार वैद्यकात पाय रोवून उभा राहिला, तो त्याच्या भक्तांमुळे नव्हे असं मला वाटतं. त्याचे भाग सुटे करून, यातला कामाचा कोणता आणि शोभेचा कोणता हे तपासणाऱ्यांनी तो उभा केला. यांतले बरेचसे स्वतः त्याच पंथातले होते, हे विशेष.

त्यांतलाच एक मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक. १९५४ मध्ये तो फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रुजू झाला, तेव्हा तो पक्का फ्रॉइडवाला होता. जन्म १९२१चा, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचा. आईवडील रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू, वडिलांचा छपाईचा व्यवसाय. इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुलगी गेली, तेव्हापासून आई उदासीच्या आजारात बुडालेली. आपल्या जन्मानं आईची उदासी बरी झाली, असं बेक पुढे गमतीनं सांगे. लहानपणी हात मोडल्याचं निमित्त होऊन त्याच्या रक्तात विष पसरलं, तो मरता मरता वाचला आणि शाळेत एक वर्ष मागे पडला. आपण मठ्ठ आहोत, ही समजूत त्याच्या मनात तेव्हा घर करून बसली. ती त्यानं अभ्यास करून, वरचे नंबर काढून स्वतःच खोडून काढली. पुढे त्यानं जे उपचार म्हणून लोकांना शिकवलं, त्याचा पहिला प्रयोग त्यानं नकळत स्वतःवर केला होता, असं म्हणायला हरकत नाही.

फ्रॉइडनं १९१७च्या निबंधात मांडलं होतं, की गमावलेल्या माणसावरचा राग आतल्या आत वळतो आणि त्यातून उदासी जन्मते. हा सिद्धान्त आकड्यांनी सिद्ध करता येईल, या उमेदीनं बेकनं उदास रुग्णांची स्वप्नं गोळा करायला घेतली. राग जर आत दडपला असेल, तर तो स्वप्नांत तरी फुटून निघेल. स्वप्नांत राग सापडला नाही. रुग्ण स्वप्नात हरत होते, मागे पडत होते, कुणाकडून तरी नाकारले जात होते. जागेपणी जे दुःख ते सांगत, तेच झोपेतही चाललेलं. बेकनं सिद्धान्ताला ठिगळ लावून पाहिलं: या लोकांना दुःख भोगायची आतून गरज असेल, ते स्वतःला शिक्षा करून घेत असतील. मग तसं असेल तर यश मिळाल्यावर ते अस्वस्थ व्हायला हवेत. म्हणून त्यांना पत्ते लावायचं एक साधं काम दिलं आणि ‘छान जमलं’ असं सांगितलं. ते खुलले. पुढचं काम त्यांनी आणखी उत्साहानं केलं. दुःखाची भूक असलेला माणूस शाबासकीनं खुलत नाही. ठिगळही गळून पडलं.

याच सुमाराची एक हकिकत बेकनं पुढे अनेकदा सांगितली. कोचावर पडून एक तरुण रुग्ण आपल्या शरीरसंबंधांचे किस्से रंगवून सांगत होती. तास संपताना बेकनं विचारलं, आत्ता कसं वाटतंय? ती म्हणाली, फार अस्वस्थ. बेकनं पुस्तकी उत्तर दिलं, की कामवासनेची अपराधी भावना वर येत असावी. ती म्हणाली, तसं नाही. मी तुम्हाला कंटाळा आणतेय, असं मला सारखं वाटत होतं. असं किती वेळा वाटतं? सगळ्यांशी बोलताना, नेहमीच. महिनोन् महिने ती मनात येईल ते सगळं सांगत होती, आणि खालून वाहणारा हा दुसरा प्रवाह डॉक्टरांच्या कानांवर एकदाही आला नव्हता. इतर रुग्णांना विचारल्यावर त्यांच्याकडेही तो सापडू लागला. झटकन येऊन जाणारे, माणूस तपासून न पाहता खरे मानून टाकतो असे हे विचार. मी बिनकामाचा. लोक मला टाळतात. हे असंच राहणार. स्वतः, जग आणि भविष्य, तिन्हीकडे काळोख.

बेकनं रुग्णाला कोचावरून उठवून समोरच्या खुर्चीत बसवलं. बालपण राहिलं बाजूला. कालचा दिवस चर्चेला आला. काल दुपारी एकदम खचल्यासारखं झालं, त्याच्या आधी मनात काय आलं? ते खरं कशावरून? उलट बाजूचा काही पुरावा आहे का? वकिलानं साक्षीदाराला विचारावं तसं, पण खटला मात्र दोघांनी मिळून चालवायचा. गुरुबंधूंना हे रुचलं नाही. अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांच्या संघटनेनं त्याला सदस्यत्व नाकारलं. त्याला आकडेवारी करून सिद्ध करायचा सोस आहे, त्या अर्थी त्याचं स्वतःचं विश्लेषण नीट झालेलं नसणार, असा त्या नकाराचा आशय होता. असं उत्तर ऐकून एखादा गप्प बसला असता. बेक घरी बसून लिहीत राहिला. साठच्या दशकात तो विद्यापीठातल्या घडामोडींपासून बराच दूर होता आणि नवी कल्पना सुचली की पत्नी फिलिसशी वाद घालून ती तावून-सुलाखून घेई. फिलिस पुढे पेनसिल्व्हेनियाच्या सुपीरियर कोर्टात न्यायाधीश झाल्या, म्हणजे बेकला उलटतपासणी घरबसल्या मिळत होती.

१९६१ मध्ये त्यानं उदासी मोजायची एक्केवीस प्रश्नांची यादी छापली. झोप, भूक, रडू, अपराधीपणा, आत्महत्येचे विचार. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दिसायला किरकोळ गोष्ट, पण माझ्या मते आयझेंकला खरं उत्तर इथून सुरू होतं. ताप मोजायला थर्मामीटर नसेल तर औषध लागू पडलं की नाही हे कोण ठरवणार? साधारण त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस हा दुसरा फितूर फ्रॉइडवादी स्वतंत्रपणे याच वाटेनं निघाला होता. बेक मृदू, बो-टाय लावणारा. एलिस फटकळ, शिव्या घालत भाषणं करणारा. मराठी वाचकांना बेकपेक्षा एलिसच जवळचा, आणि त्याचं कारण मुंबईतले कि. मो. फडके. त्यांनी एलिसशी कित्येक दशकं पत्रव्यवहार केला आणि त्याचा विवेकनिष्ठ विचार मराठीत रुजवला.

आता औषधांकडे वळायला हवं, कारण खरी तुलना त्यांच्याशीच व्हायची होती. स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून या डॉक्टरानं पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात इमिप्रामिन हे औषध उदासीवर चालतं, असं दाखवलं. गोळीनं माणूस उठून बसतो म्हटल्यावर बोलणाऱ्यांची पंचाईत झाली. गोळीची परीक्षा घेणं सोपं होतं. अर्ध्यांना खरी द्या, अर्ध्यांना खोटी, चिठ्ठ्या टाकून. बोलण्याची परीक्षा अशी घ्यायची कशी?

बेकच्या चमूनं ती घेतली. जॉन रश, मारिया कोवाच आणि स्टीव्हन हॉलन ही त्याच्याबरोबरची तरुण मंडळी. १९७७ मध्ये निकाल छापून आला. एक्केचाळीस रुग्ण, बारा आठवडे, काहींना इमिप्रामिन, काहींना बेकची पद्धत. बोलणाऱ्या गटातले सुमारे ७९ टक्के लक्षणीय सुधारले किंवा पूर्ण बरे झाले. गोळीच्या गटात हे प्रमाण २३ टक्के. बोलण्यानं औषधाला मागे टाकल्याचं अशा काटेकोर परीक्षेत दिसण्याची ही पहिलीच वेळ. गोम अशी, की प्रयोग पुरता संपायच्या आधीच गोळी कमी करत आणली होती. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला शेवटच्या फेरीत धाप लागली होती. हॉलन यांनी हे पुढे स्वतःच उघडपणे मांडलं. हॉलन हे नाव लक्षात ठेवा, ते या गोष्टीत शेवटपर्यंत येणार आहे.

दोन वर्षांनी बेकनं उपचाराची कृती पुस्तकरूपानं छापली. पहिल्या सेशनला काय विचारायचं, चौथ्याला काय, रुग्णाला घरी काय करायला सांगायचं, सगळं लिहिलेलं. गुरूच्या पायाशी वर्षानुवर्षं बसून मिळणारी विद्या आता कुणालाही वाचता येत होती, आणि कुणालाही तपासता येत होती.

दरम्यान न्यू हेवनमध्ये जेराल्ड क्लर्मन हा मनोविकारतज्ज्ञ आणि मायर्ना वाइसमन या मूळच्या समाजकार्यातल्या संशोधक एक वेगळीच पद्धत बांधत होते. त्यांना विचारांच्या चुका काढायच्या नव्हत्या. माणूस उदास झाला त्या सुमारास त्याच्या नात्यांत काय घडलं, एवढंच ते बघत. कोणी जवळचं गेलं का? घरात तंटा आहे का? लग्न, बाळंतपण, बदली, निवृत्ती असं काही आयुष्य पालटणारं झालं का? की मुळात माणसंच नाहीत? आपल्याकडे एखादी आत्याबाई हेच चार प्रश्न विचारेल. फरक असा, की वाइसमन यांनी त्यावर सेशन आखली, ती पुस्तकात बांधली आणि चिठ्ठ्या टाकून तपासली. पुढे २००३ मध्ये युगांडाच्या खेड्यांत याच पद्धतीचे गट चालवले गेले. चालवणारे तिथलेच, डॉक्टर नसलेले लोक होते, आणि गुण इतका आला की बड्या बड्यांना आकड्यांकडे दोनदा बघावं लागलं.

पण त्याआधी एक थप्पड बसायची होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं पिट्सबर्ग, वॉशिंग्टन आणि ओक्लाहोमा अशा तीन ठिकाणी मोठी परीक्षा घेतली. अडीचशे रुग्ण, सोळा आठवडे, चार गट. बेकची पद्धत, वाइसमन-क्लर्मन यांची पद्धत, इमिप्रामिन आणि खोटी गोळी. दोन्ही गोळ्यांच्या जोडीला डॉक्टरांचा आपुलकीचा आधार होताच. १९८९ साली निकाल लागला. सौम्य आजारात कोणीही कोणाच्या फारसं पुढे नव्हतं. गंभीर आजारात मात्र इमिप्रामिन पुढे, आणि बेकची पद्धत खोट्या गोळीपेक्षा ठामपणे सरस ठरली नाही. गंभीर उदासीला औषधच, बोलणं हलक्या आजारासाठी, असा सल्ला त्यानंतर मार्गदर्शक सूचनांत शिरला. उपचार कुठे चांगला झाला आणि कुठे ढिसाळ, यावर बेकच्या लोकांनी बरीच हुज्जत घातली. तिच्यात तथ्य होतं, पण हरलेल्या बाजूची हुज्जत कोण ऐकतो?

दोन्ही टोकांकडे झुकणाऱ्या आजाराबद्दलही इथंच सांगून टाकतो, म्हणजे गल्लत नको. ज्या माणसाला उदासीच्या जोडीनं उन्मादाचेही झटके येतात, त्याच्या उपचाराचा पाया लिथियमसारखं औषध हाच आहे. बोलणं तिथं झोपेची, कामाची, दिनक्रमाची घडी सांभाळायला आणि झटक्याची चाहूल वेळीच ओळखायला मदत करतं. औषध सोडून नुसतं बोलत बसणं तिथं धोक्याचं.

थप्पडेनंतरची सर्वांत रंजक खेळी सिअ‍ॅटलमध्ये झाली. वॉशिंग्टन विद्यापीठातला नील जेकबसन हा कडक वर्तनवादी. मनात काय चाललंय यापेक्षा माणूस करतो काय, हे बघणारा. बेकच्या पद्धतीत सुरुवातीची काही सेशन एका साध्या कामात जात. आठवड्याचा तक्ता घालायचा, तासातासाला काय केलं ते लिहायचं, त्यात किती जमलं आणि किती बरं वाटलं याला गुण द्यायचे, आणि हळूहळू सुटलेली कामं पुन्हा त्यात घालायची. बेकच्या मते ही नुसती मशागत. खरी पेरणी नंतर, विचारांची. जेकबसननं विचारलं, मशागतीवरच पीक येत असेल तर?

त्यानं दीडशे रुग्णांचे तीन गट केले. एकाला फक्त तक्ता आणि कामं. दुसऱ्याला त्याच्या जोडीला झटपट येणाऱ्या विचारांची तपासणी. तिसऱ्याला बेकची पुरी पद्धत, खोलवरच्या धारणांसकट. उपचार करणारे बेकच्याच पद्धतीत तयार झालेले, म्हणजे त्यांचा कल पुऱ्या पद्धतीकडेच. १९९६ मध्ये छापलेल्या निकालात तिन्ही गट सारखे. पुढची दोन वर्षं पाठपुरावा केला, तरी सारखेच. बेकनं आयुष्यभर जो भाग मोलाचा मानला, त्याच्यावाचून काही अडत नव्हतं.

नुसत्या कामांवर भर देण्याच्या या कल्पनेची मुळं जुनी होती. चार्ल्स फर्स्टर यानं १९७३ मध्ये लिहिलं होतं, की उदास माणूस टाळत जातो आणि जितकं टाळतो तितकं आयुष्यातून मिळणारं समाधान आटत जातं. ओरेगॉनमध्ये पीटर लुइन्सन यानं तर सुखद वाटणाऱ्या ३२० गोष्टींची यादीच केली होती. जेकबसननं या जुन्या लाकडाला पालवी फोडली आणि नवी, मोठी परीक्षा आखली. निकाल बघायला मात्र तो राहिला नाही. १९९९ मध्ये, पन्नाशीतच, हृदयविकारानं तो गेला. परीक्षा त्याच्या सहकाऱ्यांनी आणि सोना डिमिजियन यांनी पुरी केली. २००६ मध्ये ती छापून आली. २४१ रुग्ण. गंभीर उदासीत नुसत्या तक्त्याच्या उपचारानं औषधाची बरोबरी केली आणि बेकच्या पद्धतीवर मात केली.

बेकच्या बाजूनंही याच काळात एक मोठं दान पडलं होतं. रॉबर्ट डिरूबिस आणि हॉलन यांनी २००५ मध्ये दाखवलं, की अनुभवी उपचारक असतील तर मध्यम ते गंभीर उदासीतही बोलणं आणि गोळी सोळा आठवड्यांनी सारख्याच ठिकाणी पोचतात. दोन्हींत ५८ टक्के सुधारले. पुढच्या वर्षभरात गोळी थांबवलेल्यांपैकी ७६ टक्के पुन्हा घसरले; बोलण्याचा उपचार घेऊन थांबलेल्यांपैकी ३१ टक्के. गोळी घेईपर्यंत राखते, शिकलेलं मात्र नंतरही पुरतं. या सबंध इतिहासात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हा आकडा.

हे सगळं अमेरिकेत, तासाला भरपूर फी घेणाऱ्या पीएचडीधारकांच्या हातून. तक्ता इतका साधा असेल, तर तो चालवायला पीएचडी हवी कशाला, हा प्रश्न ऐरणीवर आला तो गोव्यात.

मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल नव्वदीच्या दशकात झिंबाब्वेत काम करून आले. तिथं सबंध देशाला मनोविकारतज्ज्ञ किती, तर बोटांवर मोजता येतील एवढे. १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था उभी केली. आरोग्य केंद्राच्या ओपीडीत उदासी कधी उदासीच्या नावानं येत नाही. ती कंबरदुखी होऊन येते, अशक्तपणा होऊन येते, झोप लागत नाही, पांढरं जातं, टेन्शन आहे, अशी येते. केसपेपरवर टॉनिक आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहिल्या जातात आणि पुढचा पेशंट आत येतो.

संगाथची पहिली मोठी परीक्षा ‘मानस’ नावानं झाली. बारा सरकारी केंद्रं, बारा खाजगी दवाखाने, पावणेतीन हजारांहून जास्त रुग्ण. आरोग्यसेवेचा काहीही अनुभव नसलेल्या स्थानिक पदवीधर तरुणींना दोन महिने शिकवून समुपदेशक केलं. त्या आजार समजावून सांगत, गरज पडली तर डॉक्टर गोळी देत, काहींना वाइसमन यांच्या पद्धतीची सेशन मिळत. २०१० मध्ये निकाल आला. सरकारी केंद्रांत आजाराचं निदान झालेल्यांपैकी सहा महिन्यांत ६६ टक्के बरे झाले. समुपदेशक नसलेल्या केंद्रांत ४२ ते ४३. खाजगीत दोन्हीकडे सारखंच. खाजगी डॉक्टर आपल्या पेशंटला नावानं ओळखतो, चार शब्द बोलतो, म्हणून तिथं आधीच फायदा होत असावा, हा एक अंदाज. मला तो पटतो. पण त्यातून ‘म्हणजे चार शब्द बोललं की झालं’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी पुढचं वाचावं.

‘मानस’मध्ये सगळंच एकत्र होतं: गोळी, समजावणं, बोलणं. नेमकं काय लागू पडलं ते कळेना. म्हणून पटेल यांच्या गटानं नुसत्या बोलण्याची परीक्षा आखली, आणि तीही गंभीर उदासीत, म्हणजे जिथं १९८९ साली बोलण्याला बाद ठरवलं होतं नेमकं तिथं. पद्धत निवडली जेकबसनची. सल्लागारांत सिअ‍ॅटलची परीक्षा तडीस नेणाऱ्या सोना डिमिजियन, आणि फिलाडेल्फियाच्या एक्केचाळीस रुग्णांपासून या धंद्यात असलेले स्टीव्हन हॉलन.

समुपदेशकांसाठी अट होती दहावी पासची. तीन आठवड्यांचं शिबिर आणि मग काही महिने प्रत्यक्ष काम करत शिकणं. सेशन सहा ते आठ, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. केंद्रात जमलं नाही तर घरी, तेही नाही तर फोनवर. अमेरिकेतला भरगच्च लेखी गृहपाठ इथं चालणारा नव्हता, तो कमी केला. घरच्या माणसाला सोबत घेतलं. दारू, पैसा, सासर असे रोजचे प्रश्न सोडवायच्या पायऱ्या घातल्या.

आत काय चालायचं? समजा, एखादी बाई आहे. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजाराला जायचं तिनं सोडलंय, शेजारणीकडे बसणं सोडलंय, भाजीला फोडणी देतानाही हात थांबतो. समुपदेशक तिला ‘मन खंबीर करा’ असं सांगत नाही; हे तिला घरचे रोज सांगतातच. ती विचारते, बाजार कधीपासून सुटला? त्या आधी काय झालं होतं? न गेल्यावर कसं वाटलं? आधी सुटल्यासारखं, मग संध्याकाळी जास्तच वाईट. हे चक्र दोघी मिळून कागदावर काढतात. मग एक काम ठरतं, अगदी लहान: मंगळवारी सकाळी, नवरा कामावर गेल्यावर, शेजारणीच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, दहा मिनिटं बसायचं. मन लागो न लागो, बसायचं. दिवस आणि वेळ ठरलेली, अडचण काय येईल तीही आधीच विचारात घेतलेली. पुढच्या आठवड्यात पहिला प्रश्न त्याचाच. जमलं नाही तर रागावणं नाही; काम आणखी लहान करायचं. मन बरं झालं की उठेन, असं आजार सांगतो. हा उपचार म्हणतो, आधी उठा, मन मागून येईल.

आणि हे नुसतं गप्पा मारणं का नव्हे, ते केंद्राच्या बाहेर दिसत होतं. सेशन ध्वनिमुद्रित व्हायची. समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या ध्वनिफिती ऐकायचे आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे: ऐकून घेतलं का, काम नेमकं ठरवलं का, की आपणच उपदेश करत सुटली? तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांशी हे गुण ताडून पाहिले, तर बऱ्यापैकी जुळत होते.

दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, ऑक्टोबर २०१३ ते जुलै २०१५, ४९५ रुग्ण, त्यांत बहुसंख्य बायका. अर्ध्यांना नेहमीचा उपचार, मात्र डॉक्टरांना निदान कळवून आणि मार्गदर्शक सूचना देऊन. अर्ध्यांना त्याच्या जोडीला सेशन. उदासीची तीव्रता मोजली ती बेकच्या त्याच एक्केवीस प्रश्नांच्या सुधारित आवृत्तीनं. तीन महिन्यांनी सेशनच्या गटात ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्यात ३९ टक्के. वर्षभरानं पुन्हा पाहिलं, तेव्हाही फायदा टिकून होता. फायदा आला कुठून हेही तपासलं. माणूस किती कामाला लागला, यातून त्याचा बराचसा हिशोब लागत होता.

महाराष्ट्रात हाच धागा अमरावती जिल्ह्यात पोचला, शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात. ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमात तीस गावांत गावातलेच कार्यकर्ते घरोघर गेले, उदासी ओळखली, प्राथमिक आधार दिला, गरज पडेल तिथं वरच्या उपचाराला पाठवलं. सुरुवातीला उदासी असलेल्या शंभरातले चार-सव्वाचार लोक मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षात सत्तावीस पोचू लागले. म्हणजे शंभरातले त्र्याहत्तर अजून बाहेरच. पुढे मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्तींना गोव्याचाच अभ्यासक्रम मोबाइलवरून शिकवता येतो का, हे तपासलं गेलं. येतो, असं दिसलं. आता आशाताईंकडे लसीकरण आहे, बाळंतपणं आहेत, क्षयाच्या गोळ्या आहेत, सर्वेक्षणं आहेत, आणि मोबदला कामागणिक. या अर्ध्या-पाऊण तासाच्या सेशनचा दर कोण ठरवणार आणि तो कोणत्या खात्यातून निघणार, याचं उत्तर संशोधकांकडे नाही. ते मंत्रालयाकडे मागावं लागेल.